मनसुख स्क्रॅप, मकरपुरा

माणसाने निदान मेल्यावर तरी नाव बदलू नये.

आज माझी चाळीस मिनिटं या कारणाने वाया गेली. मनसुखभाईंच्या बेसण्याला, म्हणजे शोकसभेला गेलो, तर हॉलबाहेर बोर्ड: ‘स्व. सुधाकर शिंदे’.

म्हटलं, आपला नाही. शेजारच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. दोन भजनं ऐकली. मग नीट पाहिलं, तर हार घातलेल्या फोटोत एक आजीबाई.

परत आलो. शिंद्यांच्या फोटोत आमचे मनसुखभाई!

मकरपुऱ्यातल्या ‘मनसुख स्क्रॅप’चे मालक. पंधरा वर्षं आम्ही गुजरातीत बोललो.

“केम छो मनसुखभाई?”
“मजामां, साहेब!”

एकदा ते फोनवर मराठी बोलताना ऐकलं आणि मी चक्क शाबासकी दिली. “मराठी सरस बोलो छो!”
ते म्हणाले, “पाणीगेटमां रहूं छूं ने, आवडी गयुं.” पाणीगेटात मराठी वस्ती; ऐकून शिकले असतील, मला पटलं.

आज पहिल्या रांगेत सविताबेन होत्या. खऱ्या मनसुखभाईंच्या पत्नी. त्यांनी सगळं सांगितलं.

खरे मनसुखभाई टर्नर. सुधाकर त्यांच्या हाताखाली फिटर. कारखाना बंद पडला. मालकाने थकलेल्या पगाराच्या जागी जुनी मशिनं दिली. भंगारात घाला, वाटून घ्या.

सुधाकर गॅस कटर घेऊन आला. मनसुखभाईंनी लेथवर हात ठेवला.

“सुधा, पहेलां एक वार चलावी जो.”
“काका, मरेलुं मशीन छे.”
“तने कोणे कह्युं?”

चालवलं.
एक गिअर गेला होता. बाकी सगळं ठणठणीत.

कटर परत गेला. दोघांनी एकेक मशीन आधी चालवलं, मग खोललं. चांगला पार्ट तेल लावून, फडक्यात गुंडाळून विकला. मनसुखभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, “नाही चालला तर मनसुखकडे परत आणा.”

सगळ्यांचे पगार सुटले. दोघांनी दुकानासाठी शेड बघितली.

आणि शेड उघडायच्या आत मनसुखभाई गेले. हार्ट अटॅक.

पण शब्द तर गावभर देऊन झाला होता.

पहिल्याच आठवड्यात एक जण नादुरुस्त पार्ट घेऊन तणतणत आला. “मनसुख कोण छे?”

सुधाकर उठून उभा राहिला. “हुं मनसुख. बोलो.”

पार्ट बदलून दिला. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून ‘मनसुख स्क्रॅप’ची पाटी रंगवून घेतली.

तेव्हापासून हा माणूस मनसुखभाई. आधी चालवून बघितल्याशिवाय एकही मशीन खोललं नाही. दर महिन्याला नफ्यातला अर्धा भाग सविताबेनच्या घरी.

शेजारी सुधाकरची बायको बसली होती. त्या शिंदेवहिनी मध्येच म्हणाल्या, “लग्नात नाव माझं बदललं. मग यांनी स्वतःचंही बदललं. बोर्डावर तरी खरं लिहा म्हटलं, शेवटचं.”

मी लोकांची टिंगल करून पोट भरतो. दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव ठोकणारे इतके पाहिले की त्यांच्यावर माझा प्रपंच चाललाय. हे उलटं प्रकरण पहिल्यांदा पाहिलं.

सविताबेन फोटोकडे बघत म्हणाल्या, “मनसुखभाई आजे बीजी वार गया.” बीजी वार, म्हणजे दुसऱ्यांदा.

फूल वाहायला उठलो. हात जोडले. मागे रांग होती, म्हणून अगदी हळू बोललो. त्यांच्याशी मराठीतलं माझं पहिलं वाक्य.

“सुधाकरराव, येतो हं.”