मेंढीच्या कानाचा फोटो

मोहिद्दीनला किळस फार. पौडच्या एसटी स्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक उठलं की खुर्ची पुसायची आणि कंगवा उकळत्या पाण्यात टाकायचा, हा त्याचा नेम. त्याची बायको चाँदबी म्हणायची, "तुमाला आल्लानं बाटलीत घालून पाठवायला पायजे व्हतं." अशा माणसाच्या दारात ब्याऐंशी सालच्या भाद्रपदात राजाबाई धनगरीण येऊन उभी राहिली. मेंढरांचा वास तिच्या आधी आत आला. मोहिद्दीनने नाकाला रुमाल लावला, तो काही काढला नाही.

तिच्या सात मेंढ्या वाल्मीक नावाच्या दलालाच्या कळपात सापडल्या होत्या. मेंढ्या माझ्याच, असं दोघंही म्हणत होती, म्हणून जमादारांनी त्या कोंडवाड्यात घातल्या. धनगरात प्रत्येक घराची कानावरची खूण ठरलेली असते. राजाबाईच्या घरची डाव्या कानाला खालून एक खाच. वाल्मीकने त्याच कानांना वरून दुसरी खाच मारली आणि साळसूदपणे सांगत सुटला, की दोन खाचा ही आपली पिढीजात खूण.

"त्याची खाच अजून ओली हाय," राजाबाई म्हणाली. "भरून आली की दोनी सारख्याच दिसत्याल. जमादार म्हंत्यात, साफ फोटू कागदाला जोडा, मेंढ्या सोडतो. ह्या सात गेल्या तर माज्याकडं निस्ती काठी ऱ्हाईल, बाबा."

कोंडवाड्यात मोहिद्दीनने एकदाच वाकून पाहिलं आणि तो दारापर्यंत मागे सरला. खालची खाच जुनी, तिच्या काठावर बारीक केस उगवलेले. वरच्या खाचेत मात्र पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. अळ्या मारायला राजाबाई सीताफळाचा पाला वाटून घेऊनच आली होती. मोहिद्दीन लांबूनच ओरडला, "मावशी, लगदा लावला तर खाच दिसायची न्हाई. एकीचा तरी कान तसाच ठिवा, फोटू होईस्तवर." तिने सहा मेंढ्यांना पाला लावला आणि सातवीला, भुरीला, तसंच सोडलं.

फोटो फसला. नेहमीच्या लेन्सवर क्लोजअपची काच चढवून त्याने तो काढला होता. मधला कान लख्ख आला, कडा मात्र पुसट झाल्या. आणि दोन्ही खाचा नेमक्या कडांवर. संध्याकाळी वाल्मीक तोंडात पानाचा तोबरा धरून स्टुडिओत आला. ओला फोटो बघून त्याने मोहिद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला. "हाच बरा आलाय की. हाच दे." मोहिद्दीनने त्याच्यासमोर फोटो फाडला आणि तो गेल्यावर सदरा धुवायला टाकला. अळीची किळस यावी आणि अशा माणसाची येऊ नये, हे त्याला पटण्यासारखं नव्हतं.

मग तो पुण्याला गेला. दुकानदाराने दोन मॅक्रो लेन्स पुढे ठेवल्या. म्हणाला, "जवळचं टिपायलाच बनवलेल्या. कडेपर्यंत साफ येणार." पन्नास मिलिमीटरची स्वस्त होती, पण तिला वीतभर अंतरावर जायला लागे, सावली पडायची, जनावर बुजायचं. शंभरची महाग, पण हातभर लांबून भागायचं. मोहिद्दीनने अळ्या आठवल्या आणि शंभरची उचलली. बदल्यात लग्नाच्या कामाचा फ्लॅश दिला. त्याआधी, एखादी जुनी लेन्स स्वस्तात मिळेल म्हणून, तो तीन दिवस दुकानं पालथी घालत बसला होता, हेही खरंच.

पाचव्या दिवशी फोटो निघाला, आणि असा निघाला की जमादारांनी बघताच तोंड फिरवलं. खालच्या खाचेवरचा केस न् केस, वरच्या खाचेतली अळी न् अळी. "ही खाच जुनी म्हणणाऱ्याला आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं धाडायला पायजे," जमादार म्हणाले आणि त्यांनी सुटकेच्या कागदावर सही केली. वाल्मीक पायरीवर पचकन थुंकून चालता झाला. मोहिद्दीनची छाती फुगली.

त्याने फोटो राजाबाईच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला. नाक मुरडलं नाही, तोंड फिरवलं नाही. ती अळ्यांवरून बोट फिरवत राहिली.

"कानाच्या बुडापतुर गेल्यात," ती म्हणाली. "कसं काढलं आसंल बिचारीनं पाच दीस."

मोहिद्दीनने फोटोकडे पुन्हा पाहिलं. तासभर तो त्या जखमेवर लेन्स रोखून बसला होता. एक-एक अळी साफ दिसेपर्यंत त्याने फिरकी फिरवली होती. भुरीला दुखत असेल, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

कोंडवाड्यातून सहा मेंढ्या उड्या मारत बाहेर आल्या. भुरी मान वाकडी करून भिंतीला टेकली होती. राजाबाईने तिला मांडीत घेतलं, अळ्या टोकरायला कनवटीचा बाभळीचा काटा काढला आणि म्हणाली, "बाबा, एवढा कान धर."

मोहिद्दीन खाली बसला. हात पुढे केला. कानातून उग्र भपकारा आला आणि हात आपोआप मागे आला. त्याने पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे आला. राजाबाईने वर बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुला सोसायचं न्हाई," आणि एका हाताने भुरीची मान दाबून, दुसऱ्यात काटा घेऊन, तिने तो कान स्वतःच्या दातांत धरला.