सातव्या बाटलीचं पाणी

सभागृहातल्या पडद्यावर वसुधा आपल्या संशोधनाचा आलेख दाखवत होती. समुद्राच्या खारटपणाची रेघ खाली उतरता उतरता एका जागी जराशी बाहेर डोकावत होती. तेवढं टोक पाहिलं आणि मी ओळखलं.

ते माझं होतं. दोन वर्षांपूर्वी बोटीवरून पाणी घ्यायला उघडी सोडलेली सातवी बाटली भलत्याच खोलीवर बंद झाली आणि नको ते पाणी वर आलं. उलट्या आवरत मीच वहीत लिहिलं होतं, 'ही नोंद धरू नये.' वसुधा तेव्हा माझ्याच केबिनमध्ये होती. 'नुसती चाळते गं,' म्हणून तिनं ती वही नेली होती.

तांबड्या समुद्रातून निघालेलं पाणी अरबी समुद्रात खोलवर पसरतं. वरून काही दिसत नाही. पण कितीही लांब वाहत आलं, तरी त्याचा खारटपणा त्याचं गाव सांगतोच. आमची आयुष्यं तेच ओळखण्यात जातात. मग मला माझंच पाणी ओळखू येणार नाही, असं हिला वाटलं तरी कसं?

पडद्यावर माझं नाव कुठेच नव्हतं.

चहाच्या वेळी ती हसत जवळ आली. माझे कान तापले होते. काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं.

"अगं, तुला यातलं बरं कळतं," ती म्हणाली. "ते मधलं टोक कशामुळे आलं असेल?"

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. वही कुणाची होती, हे ती साफ विसरली होती.