आधी खोट, मग भाव

"आधी खोट सांगून टाकतो, मंग भाव बोलू," असं म्हणत ते गाडीच्या सीटवर थाप मारायचे. प्रताप नगरात त्यांचं जुन्या दुचाक्यांचं दुकान होतं. माझी स्कूटी त्यांच्याकडचीच. "मॅडम, थंडीत किक माराच लागन," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. धंदा बुडवायची ही रीत तुम्ही तरी कुठे पाहिली नसेल. पण गिऱ्हाईक फिरून त्यांच्याकडेच यायचं.

पुढे ते आमच्या रक्तविकारांच्या दवाखान्यात पेशंट म्हणून आले. रक्त घट्ट झालेलं. तपासणीत जेएके-टू नावाच्या जनुकात बदल निघाला. रक्ताचा कॅन्सरच, पण सावकाश चालणारा. गोळ्या घ्यायच्या, अधूनमधून पिशवीभर रक्त काढायचं. ते काम माझं. सुई पाहून ते मान फिरवायचे, तोंड मात्र चालूच.

बायको केव्हाच गेलेली, घरी बाप-लेक दोघंच. मुलीला पाहायला पाहुणे आले, तर या गृहस्थांनी पोह्यांच्या बशांशेजारी स्वतःचा रिपोर्ट मांडला. "माह्या जीनमंदी खोट आहे. पोरीतबी असन." पाहुण्यांनी पोहे संपवले आणि पुन्हा फोन केला नाही.

रक्त काढताना त्यांनीच हे सांगितलं. मला असा राग आला!

"सांगायच्या आधी आम्हाला विचारायचं तरी!"

"त्यात काय इचारा लागते? बापाचं पोरीत येतेच ना."

"हे नाही येत. तुम्ही जन्मलात तेव्हा हा बदल नव्हता. हाडांच्या आत रक्त तयार होतं ना, तिथं पुढे कधीतरी एका पेशीत चूक झाली. तिचीच पिलावळ वाढली. मुलीचा काही संबंध नाही."

"म्हंजे गाडी कंपनीतून बरोबर आल्ती? रस्त्यावर बिघडली?"

"हो."

"मी पोरीले हे नाही देलं?"

"नाही दिलं."

ते ढसाढसा रडले. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला, सुई हलू नये म्हणून; आणि खरं सांगायचं तर मलाही भरून आलं होतं.

नंतर मिहानच्या औद्योगिक भागात नोकरीला असलेल्या मुलाचं स्थळ आलं. या वेळी बापाच्या आधी मुलगीच बोलली, "बाबांले आजार आहे. तो मले येत नाही. पण बाबा माझ्यासोबत येतीन." मुलाकडचे हो म्हणाले. लग्न झालं, आणि हेही लेकीकडे राहायला गेले.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. सकाळी मुलीचा फोन आला.

"ताई, बाबा गेले."

मग म्हणाली, "उद्या त्यांचा रक्त काढायचा नंबर होता. तो दुसऱ्या कोणाले देऊन द्या."