खाजणातल्या तीन हाका

लग्नाला आठ महिने झाले तरी मी माझ्या सासूबाईंना एकदाही हाक मारली नव्हती.

भांडण वगैरे काही नव्हतं हो! उलट मला त्या फार आवडायच्या. पण हाक काय मारायची, हेच ठरत नव्हतं. "आई म्हण की सरळ!" असं बायको, म्हणजे स्नेहल, रोज सांगायची. पण 'आई' म्हणायला तोंड उघडलं की साताऱ्याची माझी सख्खी आई डोळे वटारून समोर उभी राहायची. 'मम्मी' म्हणायला जीभ वळेना. 'सासूबाई' म्हणजे अगदीच नोटीस पाठवल्यासारखं! म्हणून गास या गावी सासरी गेलो की मी नुसता खाकरायचो. पाणी हवं तर एकदा, चहा हवा तर दोनदा. (मला खरोखरची सर्दी झाली त्या दिवशी त्यांनी मला अकरा कप चहा पाजला!)

एका शनिवारी जेवताना मी आमच्या घराण्याच्या शिकारीच्या गप्पा हाणत होतो. "आमच्या पणजोबांनी रानडुक्कर लोळवलं होतं. नुसत्या काठीने!" (पणजोबा आयुष्यभर तलाठी होते. डुक्कर बहुधा कागदोपत्री असावं.) सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग उद्या चला माझ्याबरोबर. चिंबोऱ्या धरायला." (चिंबोऱ्या म्हणजे खाडीतले खेकडे.)

स्नेहलला ठसका लागला.

सासूबाईंचं माहेर मिठागराजवळचं. चिखलात चालायला त्या जमिनीवर चालण्याआधी शिकल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, ओहोटीच्या वेळी आम्ही खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, बांधावर उभे होतो. त्यांच्या अंगात गाऊन, वर सासऱ्यांचा फुल शर्ट, कमरेला टोपली आणि हातात चिंबोरी बिळातून ओढायची लोखंडी आकडी. माझ्या अंगात ट्रॅक पँट आणि पणजोबांचं रक्त.

"मोबाइल स्कूटरच्या डिकीत ठेवा," त्या म्हणाल्या. "आनि एक ध्यानात ठेवा. खाजनात कोनी हाक मारली तर ओ द्यायची नाय."

"का?"

"चकवा असतो. ओळखीच्या मानसाचा आवाज काढतो. पन दोनदाच हाक मारतो. मानूस तीनदा मारतो, तेही एकाच नावाने. तिसरी हाक आली तरच ओ द्यायची."

मी मोठ्याने हसलो. हसणारा मी एकटाच होतो.

आत शिरल्यावर मात्र हसू आटलं. चहूकडे तिवरांची झाडं, चिखलातून वर आलेली त्यांची मुळं, आणि कुठूनतरी सतत चट् चट् असा आवाज. चिखल आपोआप बुडबुडे सोडत होता. डोक्यावर काहीतरी "क्वाक्!" करून ओरडलं आणि मी एका झाडाला मिठी मारली. "रातबगळा हाय," सासूबाई मागे न बघताच म्हणाल्या. त्या अशा भराभर चालत होत्या की पाऊल उमटलंय की नाही ते बघावं लागत होतं. बीळ दिसलं की वाकायचं, आकडी आत घालायची, एक झटका, आणि चिंबोरी बाहेर! डेंगे, म्हणजे नांग्या, बांधून टोपलीत टाकेपर्यंत तिला कळतही नसेल की आपण पकडलो गेलोय. काय बाई होती! पंधरा मिनिटांत पाच चिंबोऱ्या. मी फक्त "वा! वा!" म्हणत होतो.

मग मला वाटलं, आपणही एक धरावी. एक बीळ दिसलं म्हणून मी जरा बाजूला गेलो.

आणि तिवरांच्या आडून आवाज आला. लांबलचक, घोगरा.

"जावयबापूऽऽ!"

मी गोठलो.

"जावयबापूऽऽ!"

दोन! मी श्वास रोखून तिसरीची वाट पाहिली. आलीच नाही. चकवाच! अंगावर सर्रकन काटा आला. ओ तर दिली नाहीच, उलट आवाजाच्या विरुद्ध दिशेला जो पळत सुटलो, तो चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आणि पाचव्याला मांडीपर्यंत चिखलात! (त्या हाका सासूबाईंच्याच होत्या. 'तिकडं जाऊ नका, रुताल,' एवढंच सांगायचं होतं. मी ओ देईना, तेव्हा त्यांना वाटलं, जावई घाबरून बांधावर पळाले; म्हणून तिसरी हाक मारलीच नाही.)

एक पाय काढायला गेलो की दुसरा आणखी आत. एवढ्यात बारीकशा ओढ्यातून पाणी येताना दिसलं. भरती! आता मात्र खरंच तंतरली. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी हाक मारायला तोंड उघडलं.

"आई!"

सामसूम.

"मम्मी!"

चट् चट् चट्.

"सासूबाईऽऽ!"

तिवरांपलीकडून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. पण मला ओ द्यायला नव्हे. "अरे मेल्या भुता! तीन हाका, तीन नावं? आधी एक काय ते ठरव, मग हाक मार!"

त्याच क्षणी चिखलाखाली कुणीतरी माझ्या अनवाणी पायाचा अंगठा करकचून धरला. आता कसली लाज! साताऱ्याच्या आईची मनातल्या मनात माफी मागितली आणि बोंबललो, "आई! आई! आई!"

"ओऽऽ! आले रे बाबा, आले!"

धावतच आल्या. चिखल बघितला, पाणी बघितलं, मला बघितलं. एका शब्दाने ओरडल्या नाहीत. सपासप तिवराच्या फांद्या मोडून चिखलावर अंथरल्या. "पोटावर झोपा. घाबरू नका. आकडी धरा घट्ट." त्या साठीच्या बाईने मला, पंच्याऐंशी किलोच्या शिकारी वंशजाला, ओढून काढलं! अंगठ्याला लोंबकळत एक अजस्र चिंबोरीही वर आली. त्यांनी ती अलगद सोडवली आणि फुल शर्टाच्या बाहीने माझं तोंड पुसलं.

"अहो, मला काय ठाऊक तुमच्या हाकेचा आवाज?" त्या म्हणाल्या. "कधी हाक मारलीत का मला?"

मला एकदम रडूच फुटलं. अंगठ्यामुळे, असं मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी जेवायला चुलत सासरे आले होते. आता सगळ्यांपुढे आपली धिंड निघणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्यांनी कालवणातला मोठा डेंगा उचलून विचारलं, "एवढी मोठी कुणी धरली हो वहिनी?"

"जावयाने," आई म्हणाल्या. चेहरा अगदी सरळ! "आकडीबिकडी काय लागली नाय त्यांना."

"आकडीशिवाय?" चुलत सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "गेली चाळीस वर्षं मला जमलं नाही. पुढच्या रविवारी मलाही शिकवा!"

मी गंभीरपणे मान हलवली आणि टेबलाखाली सुजलेला अंगठा जरा आत ओढून घेतला.