सोमवार-गुरुवारची वसुली

मेदेरबेकचं बुरुलचाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं, ते तिनं रोटीला हात लावला नाही म्हणून.

त्याला मंत्रालयानं राजधानी बिश्केकहून धाडलं होतं एका चौकशीसाठी. या जिल्ह्यात कामगारांच्या सुरक्षेवरून कारखान्यांना दंड भरपूर होतात, मग वसूल इतके थोडे का होतात? वीटभट्टीचा मालक तोक्तोसुन यानं त्याचं उत्तर दस्तरखानावर, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, मांडूनच ठेवलं होतं. गरम रोटी, घट्ट साय, जर्दाळूचा मुरंबा. तिथली रीतच अशी, की घरी आलेल्यानं रोटीचा तुकडा मोडल्याशिवाय उठायचं नाही, आणि ज्याची रोटी मोडली त्याच्याकडे त्या दिवशी पैशाचा विषय काढायचा नाही. जिल्ह्याचे अधिकारी वर्षानुवर्षं असे तृप्त होऊन परतत. मेदेरबेकनंही तुकडा मोडला आणि मुरंब्याचं कौतुक केलं.

"ताई, तुम्ही का थांबलात?" तोक्तोसुननं बुरुलचाला विचारलं. ती मेदेरबेकसोबत आलेली, जिल्हा कचेरीतली वसुली कारकून.

"उपास आहे."

"रमजान संपून किती दिवस झाले."

"सोमवार-गुरुवारचा धरते मी. पुण्य लागतं."

"तुमच्या पुण्यापायी माझं दिवाळं निघेल एखाद दिवशी."

"मग आजच निघू दे. तुमच्या विटांच्या यंत्राला जाळी नाही, आणि माझा धाकटा भाऊ त्याच यंत्रावर असतो. एक बोट देऊन बसलाय. उरलेली राहू देत त्याच्याकडेच."

तोक्तोसुननं आशेनं मेदेरबेककडे पाहिलं. साहेबांच्या तोंडात घास होता.

"चहा तरी घ्या, ताई."

"सूर्य मावळल्यावर घेईन. तोवर बसते की इथंच."

दिवस भर उन्हाळ्याचे. सूर्याला कसलीच घाई नव्हती. शेजारणी काही ना काही निमित्त काढून डोकावून गेल्या. पाहुणी बाई दस्तरखानाशी उपाशी बसलेली, हे काही घराला शोभेना. अखेर तोक्तोसुन पुटपुटत उठला आणि बँकेत जाऊन दंड भरून आला. आठवडाभरात यंत्राला जाळीही बसली, कारण पुन्हा दंड झाला असता तर ही बाई पुन्हा येऊन बसली असती.

अहवालात रोटीचं लिहायचं कसं, हा मेदेरबेकपुढे पेच पडला. स्वतः किती खाल्लं तेही मग लिहावं लागलं असतं. त्यानं लिहिलं, 'सोमवार व गुरुवार हे दिवस वसुलीस अनुकूल आढळले.' मंत्रालयाला हे फार आवडलं. यापुढे वसुली याच दोन दिवशी करावी, असा हुकूम सगळ्या जिल्ह्यांना सुटला. अधिकारी त्या दोन दिवशी नेमानं गेले आणि पोटभर जेवून आले. वसुली होती तेवढीच राहिली. शिस्त मात्र आली, असं वरिष्ठांचं मत पडलं.

भाऊ अजून त्याच यंत्रावर आहे. बुरुलचाला गेल्या वर्षी मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी उपास बंद केले. आता ती कचेरीत बसून दंडाच्या नोटिसा टाईप करते.