फुटाण्यांचं जग आणि चौथीचा वर्ग

मंडळी, हे फिरतं पत्र वाचून पुढच्याकडे द्या. आज दुपारचंच लिहितोय. डोकं अजून बधिर आहे.

मी शाळा फार शिकलो नाही, पण जगातल्या भुकेवरचा खेळ स्वतः रचला आणि आज चौथीच्या वर्गात खेळवला. पाच रांगा म्हणजे पाच देश. एका देशाकडे सगळे फुटाणे, बाकी चार ताटल्या रिकाम्या. सगळ्यांचं पोट भरेल असा मार्ग मुलांनीच काढायचा आणि शेवटी फुटाणे खायचे. सात नियम मी फळ्यावर नीट लिहून दिले होते.

फुटाणेवाल्या देशाचा बाळू उठला. "आधी खडी फोडा, मंग मिळंल. चला, हजेरी लावतो."

मी काही बोलायच्या आत चारही देश उकिडवे बसले आणि हवेत हातोड्या मारू लागले.

आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात, म्हणून पाच वर्षांची सुमन भावाबरोबर वर्गात येते. तीही बसली. बाळू तिला म्हणाला, "तू लहान हाय. तुजं नाव लागत न्हाई."

सुमन रडली नाही. "मंग आईच्या नावावर फोडते," म्हणाली.

बाळूनं नाव लावलं. फुटाणे सगळ्यांना मिळाले. माझा एकही नियम मोडला नव्हता.

"जमला की हो तात्या तुमचा खेळ!" गुरुजी म्हणाले.

नुसते वाटून टाकावेत, हे एकाही पोराला सुचलं नाही. जाताना सुमननं मला विचारलं, "तात्या, उद्या पन काम हाय का?"

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?