डोंगरावरून बोलणाऱ्या बाई

बोलता बोलता बाई मध्येच उजव्या हाताचं बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांबा. कुणीतरी हाय." मग आपण तोंडातला घास तसाच धरून गप्प बसायचं. त्यांच्या हेडफोनमधून बाहेर आपल्याला ऐकू यायची ती नुसती कढईतल्या भज्यांसारखी चरचर. पण दोन मिनिटांनी बाईंचा चेहरा उजळायचा. "हाय! म्हटलं ना मी."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला आपल्यापेक्षा थोडं लांबचं ऐकू येतं. माझ्या ओळखीत ह्या बाई होत्या. नांदेडला मी त्यांच्याच घरी, वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मी हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला आलेलो. बाई देगलूरच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी, चारही भाषांत त्या समोरच्याला थांबवून ठेवू शकत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सरकारी परीक्षा दिली आणि हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या रेडिओवरून जगात कुणाशीही बोलायचा, परवाना काढला. का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "नोकरीभर लोकांचे फोन जोडून दिले, सर. त्यांचं बोलणं सुरू झालं की आपण बाजूला व्हायचं. म्हटलं, आता आपुन बोलू."

घरात मात्र त्यांना धड बोलता येईना. शेजारचा इन्व्हर्टर, पाण्याच्या मोटारी, दिव्यांच्या माळा, सगळ्यांचा गोंगाट त्या रेडिओत शिरायचा. म्हणून बाई डोंगरावर जाऊ लागल्या, सुट्टीच्या दिवशी मीही सोबत. डब्याएवढा रेडिओ पाठीवरच्या पिशवीत, बॅटरी दुसऱ्या पिशवीत, नऊवारी नव्हे पण घट्ट खोचलेली साडी, पायात पांढरे बूट आणि हातात एक लांब बांबू. माथ्यावर पोचलं की बांबू उभा करायचा आणि त्याच्या टोकाला तार ताणायची. झाली एरियल.

एकदा एसटीत कंडक्टरनं त्या बांबूकडे पाहून म्हटलं, "आत्या, ह्याचं बी तिकीट लागंल."

"लावा की. पण ज्येष्ठ नागरिकाचं लावा, माझ्यापेक्षा म्हातारा हाय तो." सगळी गाडी हसली आणि बांबू बिनतिकिटाचा गेला.

ह्या छंदाचे नियम कडक असतात. जगभरातल्या डोंगरांची एक यादी आहे. त्यातल्या एखाद्या माथ्यावरून त्या डोंगरावर नसलेल्या चार वेगवेगळ्या माणसांशी बोलणं झालं, तरच तो डोंगर तुमच्या नावावर लागतो. सामान स्वतः वर वाहून न्यायचं, वीजही सोबत न्यायची. कंधारकडे एका टेकडीवर बाईंची बॅटरी ऐनवेळी संपली. तिथल्या देवळाचे पुजारी कळवळून म्हणाले, "बाई, गाभाऱ्यामागं प्लग हाय की." बाईंनी हात जोडले. "देवाची लाईट देवाला राहू द्या, महाराज." आणि तारा गुंडाळायला लागल्या. मी म्हणालो, इथं कोण बघतंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखं वाटलं.

त्यांच्याच आग्रहानं मीही परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. त्याबरोबर अक्षरं आणि आकडे मिळून एक नाव मिळतं, कॉल साइन. रेडिओवर त्यातलं एकेक अक्षर एकेका शब्दानं सांगायचं, व्ही म्हणजे व्हिक्टर, यू म्हणजे युनिफॉर्म. माझे वडील परवान्याची झेरॉक्स गावभर दाखवून आले. पण दीड वर्षात मी त्या नावानं एक शब्द बोललो नव्हतो. कॉलेजात शिकत असताना एकदा इंग्रजी उतारा वाचला आणि माझ्या उच्चारांवर सगळा वर्ग हसला, ते माझ्या घशात बसलं होतं. प्रकाश, ध्वनी, विद्युतचुंबकीय लहरी, सगळं फळ्यावर शिकवायचो. माइक हातात आला की मात्र म्हणायचो, "बाई, तुम्हीच बोला." त्या रागवायच्या नाहीत. "बरं," म्हणायच्या आणि माइक परत घ्यायच्या.

मग बाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्यानंतर त्या मुलीकडे हैदराबादला राहायला जाणार होत्या. डोंगर डॉक्टरांनी कायमचे बंद केले होते. बाईंनी यादी काढली आणि उदगीरच्या बाजूचा एक डोंगर दाखवला. तिथून अजून कुणीच बोललेलं नव्हतं. "हा एक माझ्या हातून होऊ द्या," त्या म्हणाल्या, "मग कापा म्हणावं गुडघे."

डोंगर फार उंच नव्हता, पण बाईंना अडीच तास लागले. त्या मागे पडल्या तर हाक मारता यावी म्हणून त्यांनी एक छोटा वॉकीटॉकी मला दिला होता, एक स्वतःकडे ठेवला होता. दर वळणावर त्या बसायच्या, गुडघ्यांना म्हणायच्या, "चला रे, शेवटचं काम हाय," आणि उठायच्या.

माथ्यावर एक शेळ्या राखणारी बाई होती. आमची तार पाहून म्हणाली, "मावशी, हितं मोबाईलला फुल रेंज हाय की. फोन लावा ना सरळ."

"फोन ज्याला लावला तोच उचलतो, पोरी," बाई म्हणाल्या. "इथं कोण भेटंल, ठाऊक नसतंय. त्यातच मजा."

पहिला भेटला वरंगळचा एक डॉक्टर. बाई त्याच्याशी तेलुगूत खळखळून बोलल्या. दुसरे बेंगळुरूचे आजोबा, त्यांच्याशी कन्नड. तिसरा केरळातला, त्याच्याशी हिंदी. तीन झाले! तेवढ्यात एका शेळीनं बॅटरीच्या वायरीत पाय घातला आणि चिमटे निघाले. मी धावलो, घाईघाईनं चिमटे परत लावले. फट् असा आवाज आला आणि रेडिओ बंद.

लाल वायर मी काळ्याला लावली होती. सहा वर्षं मुलांना धन आणि ऋण शिकवणाऱ्या माणसानं. फ्यूज उडाला होता आणि जादाचा फ्यूज नांदेडला, कपाटात.

बाईंनी रेडिओचं बटण दोनदा दाबून पाहिलं. मग त्यांनी कमरेचा वॉकीटॉकी काढला, चालू करून पाहिला आणि मला म्हणाल्या, "सर, तुम्हाला परवाना हाय ना?"

"आहे."

"माझ्या शेजारी बसून बोललेलं चालत न्हाई. डोंगराखाली गेलात तर तुम्ही चौथा माणूस." मी काही म्हणायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "पण नियमानं. आपली ओळख न्हाई असं समजून. पुरतं नाव सांगायचं. अर्धं नाव मी वहीत लिहिणार न्हाई."

मी उतरलो. खाली आल्यावर वर पाहिलं तर बांबू काडीएवढा आणि त्याच्याजवळ एक हिरवा ठिपका, बाईंची साडी. बटण दाबलं आणि म्हणालो, "व्हिक्टर युनिफॉर्म..." आणि बटण सोडून दिलं.

"कोण बोलतंय? पुन्हा सांगा," वरून आवाज आला. अगदी परका, एक्स्चेंजमधला आवाज. "घाई न्हाई. मी लाईनवर हाय."

दुसऱ्यांदा एक अक्षर चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि माझं सगळं नाव, एकेक अक्षर, हदगावच्या उच्चारात, मोठ्यानं सांगितलं. बाजूच्या शेतातला बैल वळून बघायला लागला.

"मिळालं," त्या म्हणाल्या. "आवाज पाच-नऊ, पैकीच्या पैकी, एकदम स्वच्छ. आपलं गाव कोणतं?"

मी गाव सांगितलं. माझ्या गावाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा हवेतून गेलं.

बाईंना हैदराबादला जाऊन आता दोन वर्षं होतील. खालच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड आलं आहे. डोंगरावरून आणलेल्या ओल्या तारा आता अंगणात कुणी वाळत घालत नाही. मी मात्र रोज संध्याकाळी बोलतो, श्रीलंकेपर्यंत जातो, त्याच उच्चारात. अजून कुणी हसलं नाही.

पण बाई म्हटलं की मला दिसतो तो सामान आणायला मी धापा टाकत पुन्हा वर पोचलो तो क्षण. वहीत चौथ्या ओळीवर माझं नाव, शाई अजून ओली. बाई दगडावर पाय पसरून बसल्या होत्या. मला पाहताच त्या दोन्ही हात टेकून, गुडघे सावरत उठल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "या या, आत्ताच बोलणं झालं, तेच ना तुम्ही? आवाजावरून लई उंच वाटला होतात."